मुका ई : एक प्रबंध

इसवी सन १७८४ च्या ऑगस्ट महिन्यात लंडनमध्ये एका गवंड्याच्या मुलाचे लग्न झाले आणि त्याच सुमारास त्याने आपल्या आडनावाच्या शेपटीला एक अक्षर जोडले. अक्षर इंग्रजी वर्णमालेतले पाचवे : ई. त्याचा उच्चार होत नाही. ई लागण्याआधी लोक त्याला सोन म्हणत, ई लागल्यावरही सोनच म्हणत राहिले. पुढे हा मनुष्य बँक ऑफ इंग्लंडचा वास्तुविशारद झाला, रॉयल अकॅडमीत प्राध्यापक झाला, सर जॉन सोन झाला, आणि त्याच्यावरच्या ग्रंथांनी कपाटे भरली. त्या कपाटांत त्याच्या घुमटांविषयी आहे, कमानींविषयी आहे, छतातून झिरपणाऱ्या पिवळ्या उजेडाविषयी तर फारच आहे. ईच्या वाट्याला मात्र एखादी ओळ, तीही कंसात. हा अन्याय दूर व्हावा म्हणून प्रस्तुत प्रबंध.

वाटेत एक अडचण आहे, ती आधीच सांगून टाकतो. देवनागरीत हा ई दिसत नाही. 'सोन' लिहिले की काम संपले. म्हणजे ज्या अक्षरासाठी एवढी पाने खर्ची पडणार, ते अक्षर त्याच्या जागी वाचकाला एकदाही भेटणार नाही. आम्हांला यात काही गैर वाटत नाही. आपल्याकडे ब्रह्मावर याहून जास्त शाई खर्च झाली आहे.

परिभाषेबद्दलही थोडे. आवाज नसलेल्या अक्षराला 'मूक' म्हणावे की 'मुका'? मूक म्हटले की मोर्चा आठवतो, नाहीतर दादासाहेब फाळके. म्हणून आम्ही 'मुका' पत्करला. या शब्दाचा दुसरा अर्थ ज्यांच्या मनात येईल त्यांच्या तो येऊ द्यावा. प्रकरणाची सुरुवात लग्नापासूनच आहे.

आता पूर्वपक्ष असा की, न उच्चारलेल्या एका अक्षराचे एवढे काय कौतुक? हा आक्षेप मराठी माणसाने तरी घेऊ नये. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, तोवर आपण 'घरांत', 'नाहीं', 'कां', 'जेव्हां' असे न उच्चारलेले अनुस्वार डोक्यावर वागवतच होतो. नियमांनी ते पुसले. आमचे आजोबा त्यानंतरही कित्येक वर्षे पोस्टकार्डावर टिंबे देत राहिले. आधी ते पत्र पुरे लिहून काढत. मग चष्मा कपाळावर सरकवून, पेन उभे धरून, पहिल्या ओळीपासून टिंबे टाकत खाली उतरत, वड्यांवर खसखस पेरावी तशी. आम्ही एकदा म्हटले, आजोबा, याचा उच्चार तर होत नाही. ते म्हणाले, "घरात एखादं माणूस बोलत नाही, म्हणून त्याला बाहेर काढतात होय रे?" आजी तेव्हा तिथेच भाजी निवडत होती. ती काही बोलली नाही.

आजोबांच्या टिंबांना निदान व्युत्पत्तीचा आधार होता. सोनच्या ईला तोही नाही. बापाचे आडनाव ईविना होते आणि विटा रचायला त्यावाचून काही अडत नव्हते.

जॉन सोनचा जन्म १० सप्टेंबर १७५३ चा, थेम्सकाठच्या गोरिंग गावाकडचा. पंधराव्या वर्षी तो जॉर्ज डान्स नावाच्या वास्तुविशारदाकडे उमेदवारीला लागला, नंतर हेन्री हॉलंडकडे गेला. १७७६ साली रॉयल अकॅडमीचे सुवर्णपदक त्याला मिळाले ते एका विजयसेतूच्या आराखड्यासाठी. खांब, घुमट, पुन्हा खांब. हा पूल कुठल्याच नदीवर कधी बांधला गेला नाही, पण उपयोगी मात्र पडला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात सोबती नावेतून ग्रीनिचकडे फिरायला निघाले होते. सोनही जायचा होता, पण आराखड्याचे काम उरले म्हणून घरी बसला. त्या सहलीत जेम्स किंग हा मित्र बुडाला. सोनला पोहता येत नव्हते. न बांधलेल्या पुलाने माणूस तारल्याचे दुसरे उदाहरण आमच्या वाचनात नाही, आणि ही गोष्ट मुक्या ईच्या सिद्धान्ताला किती पोषक आहे ते पुढे कळेलच.

१७७८ मध्ये राजाच्या शिष्यवृत्तीवर तो इटलीला गेला. तिथे अवशेष मोजले, खांबांची माने टिपली. रोममध्ये त्याला डेरीचे बिशप भेटले. मोठे रसिक आणि भरवशाला तितकेच कच्चे. त्यांच्या थोरल्या मुलाच्या शिकारी कुत्र्यांसाठी सोनने प्राचीन रोमन थाटाचे एक श्वाननिवास आखले. तेही बांधले गेले नाही. बिशपसाहेबांनी आयर्लंडमध्ये घर बांधायचे काम देतो म्हणून त्याला बोलावून घेतले. शिष्यवृत्ती अर्ध्यात टाकून सोन परत निघाला. स्वित्झर्लंडच्या वाटेवर त्याच्या पेटीचा तळ सुटला आणि आराखडे, पुस्तके, अवजारे, बूट, इतकेच काय, पदकेसुद्धा रस्त्यात सांडून गेली. आयर्लंडला पोचल्यावर बिशपांचा विचार बदललेला. दीडेक महिना थांबून सोन हात हलवत लंडनला आला. हे सगळे ई लागण्यापूर्वीचे. शहाण्याला इशारा पुरे.

तर ई आला कुठून? याविषयी तीन मते संभवतात. तिन्ही आमचीच आहेत.

पहिले मत गुरुपरंपरेचे. सोनचे पहिले गुरू डान्स. त्यांच्या आडनावाच्या शेवटी ई आहे आणि तो मुका आहे. शिष्याने गुरूचे काही तरी उचलावे हे रीतीला धरून होते. परंतु बारकाईने पाहता डान्समधला ई नुसता बसून नसतो. आधीच्या सीचा 'क' होऊ न देण्याचे काम तो इमानाने करतो. तो नसता तर डान्स यांना लोक डँक म्हणाले असते. सोनचा ई तसलेही काही करत नाही. शिवाय गुरूचा ई उचलायचा तर पंधराव्या वर्षी उचलावा. त्यासाठी सोळा वर्षे कोण थांबतो? हे मत आम्ही सोडून देतो.

दुसरे मत गृहस्थाश्रमाचे. वधूचे नाव एलिझा. आद्याक्षर ई. आपल्याकडे लग्नात नवरामुलगा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचे नवे नाव लिहितो आणि बायका भोवती गोळा होऊन 'काय ठेवलं, काय ठेवलं' करतात. इथे नाव बदलले ते नवऱ्याचे आणि ताट कुणी मांडले नाही. एलिझा स्मिथ ही जॉर्ज वायट या धनाढ्य बांधकाम व्यावसायिकाची भाची. १७९० मध्ये वायट वारले तेव्हा त्यांची बरीचशी मालमत्ता या जोडप्याकडे आली आणि सोनला उभ्या आयुष्यात पुन्हा पैशाची ददात पडली नाही. बायकोच्या नावाचे पहिले अक्षर आपल्या नावाच्या शेवटी बसवणे हे एवढ्या वारशाच्या मानाने स्वस्तच म्हणायचे. मत मोहक आहे. पुरावा शून्य आहे. आम्ही ते राखून ठेवतो.

तिसरे मत रूक्ष आणि बहुधा खरे. नुसते 'सोन' लिहिले की विटा, चुना आणि थापी आठवे. ई लावला की त्यावर जरा वॉर्निश चढे. आज एखाद्याच्या दारावर इंग्रजी पाटीत नावाच्या मध्ये एक ए जास्तीचा दिसतो, आपण विचारतो आणि तो खासगीत सांगतो की ज्योतिष्याने घालायला सांगितलाय, गाडी त्यानंतरच झाली. सोनचे प्रकरण यातलेच. फरक एवढा की आपला पाटीवाला जुन्या मार्कलिस्टा तशाच ठेवतो. सोनने आपली जुनी चित्रे, जुने आराखडे बाहेर काढले आणि आधीच्या सह्यांनाही ई जोडत गेला. आम्हांला ते दृश्य दिसते. रात्र, मेणबत्ती, विद्यार्थिदशेतला एखादा पिवळा पडू लागलेला कागद. सहीपुढे फार जागा नाही. तिशी ओलांडलेला गृहस्थ श्वास रोखून, आपण जन्मापासून याच अक्षरासकट आहोत अशा बेताने, तो अर्धवर्तुळाकार आकडा सहीला अडकवतो. वास्तुशास्त्रात याला जीर्णोद्धार म्हणतात.

इथवर चरित्र झाले. आता सिद्धान्त. जे उभे असते, दिसते, ज्यावर पैसा खर्च होतो, पण जे उचलत काहीच नाही, ते ई-तत्त्व. सोनची सारी वास्तुकला म्हणजे या तत्त्वाचा विस्तार होय.

नवअभिजात शैली म्हणजे काय हे ज्यांना चटकन हवे त्यांनी मुंबईत हॉर्निमन सर्कलसमोर उभे राहावे. एशियाटिकच्या त्या पायऱ्या, ज्यांवर बसून लग्नाआधीचे फोटो काढतात, आणि वरचे आठ दांडगे डोरिक खांब. १८३३ साली पुरा झालेला हा टाउन हॉल कर्नल टॉमस कूपर यांचा. पण त्यातले खांब बोलके आहेत; डोक्यावर खरोखरीचे ओझे घेऊन उभे. सोनचे खांब निराळे. १८०० साली त्याने लंडनच्या पश्चिमेला ईलिंगमध्ये पिट्सहँगर हे घर घेतले आणि नव्याने बांधून काढले. घराच्या तोंडावर चार उंचेपुरे आयोनिक खांब. पाहुणा येऊन मान वर करी तो हे खांब काय तोलतायत बघायला, तर प्रत्येकाच्या माथ्यावर एकेक बाई उभी. छत नाही, सज्जा नाही, बाई. भिंत मागे आपली आपण उभी आहे, खांब पुढे आपले आपण. चारही खांब काढून घेतले असते तर घराच्या उच्चारात तसूभर फरक पडला नसता.

त्या बायका दगडाच्या दिसतात, पण त्या कोड स्टोन नावाच्या कृत्रिम दगडाच्या. ही भट्टीत भाजलेली माती. हा कारखाना चालवणाऱ्या एलिनॉर कोड या बाईंच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वाचकाने डोळ्यांपुढे आणावे. मध्ये ओ आणि ए, मागून एक व्यंजन, आणि शेवटी? बरोबर. तोच ई, तितकाच निरुद्योगी. सोनला दुसरा कुठला दगड आवडणे शक्यच नव्हते. हा शोध आम्हांला एका पहाटे लागला आणि घरच्यांना उठवून सांगितला. त्याचा जो परिणाम व्हायचा तो झाला.

लंडनमध्ये लिंकन्स इन फील्ड्स इथे त्याचे राहते घर होते. आधी १२ नंबर, मग १३, शेवटी १४, असे तीन घरांत पसरलेले. १८१२ साली त्याने १३ नंबरच्या तोंडावर पांढऱ्या पोर्टलंड दगडाची एक कमानींची पडवी पुढे काढली. शेजारची घरे विटांची, गप्प, एका रेषेत. हे एकटेच छाती काढून पुढे. इमारतींच्या कायद्यावर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने खटला भरला की बांधकाम रेषेबाहेर आले आहे. पुण्या-मुंबईत बाल्कनीला काच लावलेल्यांना या वादाची गोडी सांगायला नको. सोन जिंकला. त्याच पडवीवर त्याने वेस्टमिन्स्टर हॉलमधून निघालेले चौदाव्या शतकातले गॉथिक दगडी आधार बसवले आहेत. आधारच ते, चारशे वर्षे आधार देण्यात गेली. सोनने त्यांना निवृत्त करून दारात बसवले.

आतल्या न्याहारीच्या खोलीत तर त्याने कमाल केली. खोलीच्या मध्यावर बसका घुमट आहे, तंबूच्या छतासारखा. हा घुमट भिंतींना टेकत नाही. त्याच्या दोन कडांपलीकडे भिंत मागे सरकते आणि मधल्या फटीतून, उजेड कुठून येतोय ते न दाखवता, उजेड येतो. वर घुमटात आणि कोपऱ्यांत फुगीर आरसे, सगळ्या खोलीत मिळून शंभराहून जास्त. चहाचा कप उचलावा तर शंभर छोटे सोन कप उचलतात, प्रत्येकाला एक मुका ई.

अशा खांबांवर लोक हसले नाहीत असे नाही. १७९६ साली वास्तुविशारदांच्या एका क्लबात जेवणाच्या वेळी एक टिंगलीची कविता फिरली. बँकेच्या भिंतीवर सोनने पारंपरिक शीर्षांऐवजी नुसत्या रेघा कोरलेले अर्धस्तंभ काढले होते; कवीने त्या रेघांची तुलना डुकराच्या मांसावर सुरीने पाडलेल्या चिरांशी केली. सोनने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि तो हरला. पुढे १८१० मध्ये अकॅडमीच्या व्याख्यानात त्याने हयात वास्तुविशारदाच्या ताज्या इमारतीवर टीका केली. इमारत कॉव्हेंट गार्डनचे नाट्यगृह, कर्ता रॉबर्ट स्मर्क. स्मर्क या आडनावाच्याही शेवटी ई आहे, शुद्ध, बिनकामाचा. एका म्यानात दोन ई राहात नाहीत. अकॅडमीला सभासदांवरची टीका खपली नाही आणि १८१३ पर्यंत सोनची व्याख्याने बंद राहिली. प्राध्यापक उभे आहेत, दिसत आहेत, पण आवाज नाही. उपपत्ती आपल्या कर्त्याच्याच अंगावर इतकी चपखल बसल्याचे क्वचित पाहायला मिळते.

प्रस्तुत लेखनप्रकाराचा, म्हणजे क्षुल्लकावर गंभीर प्रबंध लिहिण्याचा, एक आद्य आचार्य स्वतः सोनच आहे हे कबूल करणे भाग आहे. पिट्सहँगरच्या बागेत त्याने प्राचीन रोमन अवशेष बांधले. नवे कोरे अवशेष. आणि पाहुण्यांना त्यांच्यावर तर्क लढवायला लावले. १८१२ मध्ये, लिंकन्स इन फील्ड्सचे घर अजून बांधून होत असतानाच, त्याने एक टाचण लिहिले. त्यात भविष्यातला कोणी पुराणवस्तुसंशोधक याच घराच्या पडझडीत फिरतो आणि हे देऊळ असावे, का मठ, का एखाद्या मांत्रिकाचे निवासस्थान, असे ठोकताळे बांधतो. चुना ओला आणि अवशेष तयार. घराच्या तळाशी नंतर त्याने पाद्री जोव्हान्नी नावाच्या संन्याशाची खोली सजवली, बाहेर त्याच्या नावाचा मठीचा उकिरडेवजा चौक केला, मोडकी शिल्पे रचली. असा कोणी पाद्री नव्हता. जोव्हान्नी म्हणजे इटालियनमध्ये जॉन, एवढे कळले की पाद्री कोण ते कळते. गॉथिक अवशेषांपुढे डोळे पाणावणाऱ्या रसिकांची ही खोड काढलेली होती. पण बायको गेल्यावर त्या खोलीत एकटा बसून सोन चहा पीत असे, तेव्हा थट्टा किती आणि बाकी काय किती, हे कोणी तोलावे?

बायको गेली ते प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण तिथे आमचा विनोद चालत नाही. सोनला घराण्याची हौस होती. बाप गवंडी, आपण वास्तुविशारद, मुले वास्तुविशारद. मुले दोन जगली, जॉन आणि जॉर्ज. जॉन आजारी, जॉर्ज कर्जबाजारी. काही काळ तुरुंगातही होता. सप्टेंबर १८१५ मध्ये 'चॅम्पियन' नावाच्या पत्रात दोन निनावी लेख आले. त्यांत सोनच्या इमारतींची आणि घराची यथेच्छ निंदा होती. एलिझाने ते वाचले आणि हात कोणाचा हे ओळखले. बापाने आडनावाला एक अक्षर जोडले होते; मुलाने सही करायची वेळ आली तेव्हा सगळे आडनावच गाळले. २२ नोव्हेंबरला एलिझा वारली. ती आधीपासून आजारी होती, पण सोनने ते लेख चौकटीत बसवून, जॉर्जने दिलेले हे प्राणघातक तडाखे, अशा अर्थाच्या पाटीसकट भिंतीवर टांगले. थोरला जॉन १८२३ मध्ये गेला. शेवटी १८३३ साली सोनने खास पार्लमेंटचा कायदा करवून घर राष्ट्राला देऊन टाकले आणि जसे आहे तसे ठेवा म्हणून बजावले. जॉर्जला ते मिळू नये हा त्यातला एक हेतू. आपल्याकडे अशा कामाला फार तर वकील लावतात.

या घरात मुक्या गोष्टींची वाण नाही. इजिप्तच्या सेती राजाची शवपेटी घ्या. बेल्झोनीने १८१७ मध्ये ती शोधली. ब्रिटिश म्युझियमने किंमत ऐकून नको म्हटले. १८२४ मध्ये सोनने २००० पौंड मोजले आणि भिंत पाडून ती तळघरात उतरवली. पुढच्या मार्चमध्ये तीन रात्री मेजवान्या झाल्या, दिव्यांच्या उजेडात शेकडो पाहुण्यांनी पेटी पाहिली, चित्रकार टर्नरही आला. पेटीत कोणी नव्हते. सेती तेव्हा इजिप्तमध्येच दुसरीकडे लपवलेला होता, तो सापडला १८८१ साली. शिवाय सोनने काही कप्पे सीलबंद करून ठेवले आणि ते केव्हा उघडायचे ती सालेही सांगून ठेवली : १८६६, १८८६, १८९६. विश्वस्तांनी वाट पाहून एकेक उघडले. निघाले बहुतांशी जुने कागद.

आता फॅनी. प्रबंधाचा हा कळस आहे, वाचकाने सावरून बसावे. फॅनी ही एलिझाची कुत्री, लहानखुरी, काळी. मालकिणीमागे पाच वर्षे ती सोनजवळ राहिली आणि १८२० च्या नाताळात मेली. नंतर तिला त्या पाद्र्याच्या चौकात दगडी थडगे मिळाले, वर फॅनीबद्दल हळहळीचे तीन इंग्रजी शब्द कोरले गेले. जेम्स वॉर्डने काढलेले तिचे तैलचित्र आजही घरात आहे. अवशेषांमध्ये बसलेली कुत्री, मुद्रा एखाद्या पुरातत्त्ववेत्त्याची. ज्याने तरुणपणी बिशपपुत्राच्या कुत्र्यांसाठी न बांधले गेलेले मंदिर आखले, त्याच्या हातून अखेर एका कुत्रीसाठी दगड उभा राहिला, हे तर झालेच. पण नाव बघा. फॅनी. शेवटी स्पष्ट, दीर्घ, खणखणीत 'ई' ऐकू येतो. आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये ई हे अक्षर औषधालाही नाही. तिथे वाय आहे. धन्याच्या नावात ईचे अक्षर आहे, आवाज नाही. कुत्रीच्या नावात आवाज आहे, अक्षर नाही. दोघांचा मिळून एक ई पूर्ण होतो. आम्ही हे वाक्य लिहून पेन खाली ठेवले आणि गच्चीवर जाऊन आलो.

बँकेचे राहिले. १७८८ पासून १८३३ पर्यंत, पंचेचाळीस वर्षे, सोन बँक ऑफ इंग्लंड बांधत होता. साडेतीन एकरांवर एकामागून एक दालने. कमानींत मातीची पोकळ भांडी रचलेली, म्हणजे छत हलके आणि आगीला न भिणारे. बाहेरून मात्र बिनखिडकीची उंच भिंत, आत काय आहे याबद्दल चकार शब्द न काढणारी. एका टोकाला, तिवोलीच्या गोल देवळावरून घेतलेला खांबांचा सुंदर कोपरा, ज्यात प्रवेश नव्हता. सोनचा चित्रकार जोसेफ गँडी याने १८३० मध्ये या बँकेचे एक प्रचंड चित्र काढले. वरून पाहिलेली बँक, छपरे उडालेली, दालने उघडी, जणू पडके रोम. सोनला ते फार आवडले. पुढे शंभर वर्षांच्या आत ते खरे झाले. १९२५ पासून हर्बर्ट बेकर यांनी सोनची बँक आतून पाडून नवी उभी केली. हेच बेकर आपल्या नव्या दिल्लीतले. रायसीना टेकडीवरची सचिवालये आणि जुने गोल संसदभवन बांधणारे. हर्बर्ट बेकर या नावात तीन ई आहेत. तिन्ही बोलतात. अशा माणसाला मुक्या गोष्टींचा कळवळा कुठून असणार? दालने, घुमट, भांड्यांची छते, म्हणजे ज्यांनी शतकभर ओझे वाहिले ते सगळे गेले. राहिली ती न बोलणारी भिंत. तिवोलीच्या कोपऱ्यातून बेकर यांनी पादचाऱ्यांसाठी वाट काढली. आता तिथून छत्र्या जातात.

एलिझासाठी १८१६ मध्ये सोनने जे थडगे आखले ते लंडनमध्ये सेंट पॅन्क्रसच्या जुन्या चर्चमागे, झाडांखाली आहे. मधोमध संगमरवरी चौकोनी ठोकळा, नावे कोरायला चार बाजू. त्यावर चार छोट्या आयोनिक खांबांची संगमरवरी छत्री. त्या छत्रीवर आणखी एक, दगडी, मोठी छत्री. चारही बाजूंनी कपाळ किंचित वर्तुळाकार झालेली, आणि त्यावर बसका घुमट. घुमटाच्या माथ्यावर अननसासारखे देवदारफळ आणि भोवती आपलीच शेपटी गिळणारा साप. थडग्याला दोन छत्र्या कशाला, हा प्रश्न आता वाचक विचारणार नाही. पलीकडच्या पायऱ्या खाली जातात. तिथे एलिझा आहे, थोरला जॉन आहे, आणि जानेवारी १८३७ पासून सोन आहे. जॉर्ज नाही.

सन १९२५ मध्ये जाइल्स गिल्बर्ट स्कॉट हे सोनच्या घराचे, म्हणजे आता संग्रहालयाचे, विश्वस्त झाले. त्याच्या आदल्याच वर्षी सार्वजनिक टेलिफोनपेटीच्या स्पर्धेत त्यांनी एक आराखडा दिला होता. चौकोनी पेटी, चारही बाजूंना कपाळ किंचित वर्तुळाकार, वर बसका घुमट. १९२६ पासून ती लंडनच्या रस्त्यांवर उभी राहू लागली. स्कॉटना बाहेरून रुपेरी हवी होती, टपालखात्याने लाल केली. आपण सगळे तिला चहाच्या मगावर आणि चावीच्या साखळीवर ओळखतो. जाइल्समध्येही मुका ई आहे, मात्र तो कष्टाळू. मधल्या आयला 'आय' म्हणायला लावणारा. म्हणूनच त्यांनी थडग्याच्या घुमटाखाली बोलण्याची सोय केली असावी.

आता ती सोयही आटली. हातोहाती मोबाइल आले. लंडनच्या एका गल्लीत आम्ही अशा एका पेटीचे दार ओढले. ते वाटते त्याहून जड असते, दोन्ही हात लावावे लागतात. आत ओलसर वास होता. फोनच्या जागी चार भोके आणि कापलेली तार. दार मागे मिटले आणि रस्त्याचा आवाज एकदम बंद झाला. वर पाहिले तर घुमट.

ता. क. या लेखाची मुद्रिते तपासणाऱ्या गृहस्थांनी 'सोन' हा शब्द अपुरा समजून त्यावर जागोजाग टिंब दिले होते आणि जॉन सोनं, सर जॉन सोनं, सोनंचे खांब, असे सगळे झळाळून टाकले होते. आम्ही बसून एकेक टिंब खोडले. एखादे नजरेतून सुटले असेल तर ते तसेच असू द्यावे.